घरांतील लहान व थोर पोपट : बजरीगर मोठ्या पोपटांसमवेत कसे ठेवावे

वैराग व भोंवतालच्या गांवांतील कांहीं सभासदांनीं एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं आम्हांस विचारला आहे. घरीं बजरीगरांचें एक जोडपें आहे; आतां मुलांच्या आग्रहास्तव एखादा मोठा पोपट आणावयाचा आहे; तर सर्वांस एकाच पिंजऱ्यांत ठेवलें असतां चालेल काय? शेतकीच्या मासिकांत पोपटांस जागा कशास, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या घरांत बैल, म्हैस व कोंबड्या आहेत त्याच घरांत हे पक्षी येतात, त्याच घरच्या कणगींतील धान्य खातात, आणि त्यांस जडलेला रोग कोंबड्यांस व माणसांसही लागूं शकतो. तेव्हां हा विषय केवळ हौसेचा राहत नाहीं. प्रश्नाचें उत्तर आरंभींच देतों. एका पिंजऱ्यांत ठेवूं नयेत. एका घरांत ठेवण्यास हरकत नाहीं, परंतु कांहीं अटी पाळाव्या लागतात. त्या अटी कोणत्या व कशासाठीं, हें पुढें सांगितलें आहे.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्या बाजारांत बजरीगरास सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात. खरा लव्हबर्ड हा आफ्रिकेंतील निराळा पक्षी होय. तो सुमारें ५० ग्रॅम वजनाचा, आंखूड शेपटीचा व अतिशय भांडखोर असतो. बजरीगर हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखांतला, ३० ते ४० ग्रॅम वजनाचा, लांब शेपटीचा व समुदायप्रिय पक्षी आहे. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यानें सन १८४० मध्यें जिवंत बजरीगर इंग्लंडांत नेले, आणि तेथून ते जगभर पसरले. रानांत त्याचा रंग हिरवा-पिवळाच असतो. निळे, पांढरे, करडे वगैरे रंग माणसानें पिंजऱ्यांत निवड करून जोपासले आहेत. एकच नांव दोन पक्ष्यांस लावल्यामुळें ‘लव्हबर्डांत लव्हबर्ड’ म्हणून खरा लव्हबर्ड बजरीगरांच्या पिंजऱ्यांत सोडणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पिंजऱ्याच्या तळाशीं काय सांपडतें तें सांगवत नाहीं.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्या शेतांत ज्वारीच्या कणसांवर व सूर्यफुलाच्या फुलांवर थव्यांनीं उतरणारा जो राघू, तो घरीं पाळतां येत नाहीं. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या देशांतील सर्व रानपोपटांस संरक्षण दिलें आहे. त्यांस पकडणें, विकणें, विकत घेणें अथवा पिंजऱ्यांत ठेवणें हा कैदेस व दंडास पात्र असा गुन्हा आहे. वैरागहून सोलापुरास जातांना वाटेंत नान्नज लागतें. तेथील माळढोक अभयारण्य सन १९७९ पासूनचें. त्यामुळें माळढोकास हात लावूं नये हें या रस्त्यावरच्या लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु तोच कायदा राघूसही लागू आहे, हें मात्र मोठीं माणसेंही विसरतात. माघ-फाल्गुनांत झाडाच्या ढोलींतून पिल्लें काढून आणण्याची चाल कित्येक गांवीं अजून आहे. राघू पिकाचें नुकसान करतो म्हणून त्याचें पिल्लूं आणण्यास हरकत नसावी, असाही एक युक्तिवाद ऐकूं येतो. राखण करून, वाजवून, जाळी लावून पीक वांचवावें. पिल्लूं आणून पीक वांचत नाहीं. ज्याच्या घरीं असा राघू आज आहे, त्यानें तो एकदम आकाशांत सोडूं नये. माणसाच्या हातीं वाढलेल्या पांखराला रानांत चारा शोधतां येत नाहीं, आणि तें कावळ्यांच्या किंवा मांजराच्या तोंडीं जातें. वनखात्याच्या कार्यालयास कळवून तो त्यांच्या स्वाधीन करावा हेंच योग्य.

परदेशी पोपटांचा प्रकार निराळा आहे. सन २०२२ मध्यें वरील कायद्यांत दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या परदेशी प्राण्यांची एक स्वतंत्र यादी तीमुळें कायद्यास जोडली गेली, आणि त्या यादींतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यानें त्यांची सरकारांत नोंद करावी यासाठीं सन २०२४ मध्यें नियम झाले. बजरीगर, कॉकॅटियल व गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड हे त्या यादींत येत नाहींत. बाकीचे बहुतेक सर्व पोपट येतात. करड्या रंगाचा, बोलण्यांत पटाईत असा जो आफ्रिकन पोपट, त्यास तर सन २०१६ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत अतिशय कडक वर्गांत घातलें आहे. म्हणून मोठा पोपट विकत घेण्यापूर्वीं विक्रेत्याकडून कागद मागावे. जो कागद देण्यास टाळाटाळ करील त्याच्या दुकानाची पायरी उतरावी.

आतां मुख्य विषय. बजरीगर ३५ ग्रॅमचा. कॉकॅटियल ८० ते १०० ग्रॅमचा. सूर्यरंगी कोन्यूर ११० ग्रॅमच्या आसपास. आफ्रिकन करडा पोपट ४०० ते ५०० ग्रॅमचा. निळा-पिवळा मकाव सुमारें एक किलोचा. एका गोठ्यांत वासरूं व मारका बैल एका दाव्याला कोणी बांधीत नाहीं. येथें तर वजनांतील अंतर त्याहूनही मोठें आहे, आणि पोपटाची चोंच अडकित्त्यासारखी चालते. मोठा पोपट दुष्ट असतो असें नव्हे. तो जगाची ओळखच चोंचीनें करून घेतो. नवी वस्तु दिसली कीं प्रथम ती चोंचींत धरून पाहतो. ती वस्तु बजरीगराचा पाय असेल तर त्या ओळखींतच पाय जातो.

हें ऐकीव नाहीं. आमचा एक पुतण्या पुण्यास नोकरीस असतां त्यानें एक कोन्यूर रीतसर नोंद करून पाळला होता. दिवाळींत तो पिंजऱ्यासह वैरागास आला. आमच्या ओसरीवर तीन बजरीगर होते. सायंकाळीं दारें लावून आम्ही त्यांस घटकाभर मोकळें सोडीत असूं. कोन्यूर पिंजऱ्यांत बंद आहे, मग भीति कसली, असें आम्हांस वाटलें. निळी मादी उडत उडत त्याच पिंजऱ्याच्या छपरावर जाऊन बसली. आंतून कोन्यूरनें गजांमधून तिचें बोट धरलें. एक किंकाळी झाली; पांखरूं सुटलें, पण बोट आंतच राहिलें. रक्त थेंबाथेंबानें वाहूं लागलें. घरांतील मंडळींस वाटलें, दोन-चार थेंबांनीं काय होणार? परंतु हिशेब करून पाहावा. पक्ष्याच्या अंगांतील रक्त त्याच्या वजनाच्या सुमारें दहाव्या हिश्श्याइतकें असतें. म्हणजे ३५ ग्रॅमच्या बजरीगराच्या अंगांत अवघें तीन-साडेतीन मिलिलिटर. त्यांतून एक मिलिलिटर गेलें तरी प्राणावर बेततें. आम्हीं पांखराला फडक्यांत सैल गुंडाळून, जखमेवर मक्याचें पीठ लावून, स्वच्छ कापसानें पांच मिनिटें धरून ठेवलें, तेव्हां रक्त थांबलें. ती मादी वांचली व तीन बोटांवर पुढें चार वर्षें जगली. दोष कोन्यूरचा नव्हता, आमचा होता.

यावरून पहिला नियम असा कीं, बंद पिंजरा हें पुरेसें संरक्षण नव्हे. बजरीगर मोकळे असतील तेव्हां मोठ्या पोपटाचा पिंजरा दुसऱ्या खोलींत असावा, अथवा त्यावर जाड कापड टाकावें. दोन पिंजरे एकमेकांपासून निदान दोन-तीन हात अंतरावर असावे, आणि मोठ्या पोपटाच्या पिंजऱ्याखालीं बजरीगरांचा पिंजरा कधीं नसावा. वरची घाण, उष्टें व पिसांचा भुगा खालच्यांच्या दाण्यापाण्यांत पडतो. मोठ्या पोपटाचा जुना रिकामा पिंजराही बजरीगरास देऊं नये. त्याच्या गजांतील अंतर जास्त असतें. लहान पांखराचें डोकें त्यांतून बाहेर जातें, मागें येत नाहीं, आणि तें फांस लागल्यासारखें मरतें. बजरीगरांसाठीं दोन गजांतील अंतर अर्ध्या इंचाहून अधिक नको. पिंजरा उंचीपेक्षां लांबीला अधिक असावा, कारण हा पक्षी आडवा उडतो; एका जोडप्यास निदान दोन फूट लांबी द्यावी, अधिक देतां आल्यास उत्तम. नवी जस्ताची जाळी लावली असेल तर ती आंबवणीनें अथवा शिरक्यानें घांसून, धुवून, उन्हांत वाळवून मग पक्षी सोडावे. जाळीवरील जस्ताचे कण कुरतडून पोपट मरतात, व मालक मात्र दाण्यास दोष देत बसतो.

कॉकॅटियल हा याला कांहींसा अपवाद आहे. तो अंगानें मोठा असूनही स्वभावानें गरीब असतो, व मोठ्या खोलीएवढ्या जाळीघरांत बजरीगरांसह राहूं शकतो. मात्र येथें उलटाच प्रकार घडतो. बजरीगर त्याच्या शेपटीचीं पिसें ओढतात, त्याला दाण्यावरून हुसकतात, आणि तो बिचारा कोपऱ्यांत उपाशी बसतो. दाण्याचीं व पाण्याचीं भांडीं दोन-तीन ठिकाणीं ठेवावीं, बसावयाच्या काठ्या उंच-सखल असाव्या, आणि विणीच्या दिवसांत दोघांस वेगळें करावें. विणीच्या वेळीं बजरीगराची मादी आपल्याच जातीच्या मादीस जीवे मारण्यास मागेंपुढें पाहत नाहीं. मग परक्याची काय कथा!

एकटा बजरीगर ठेवून त्यास मोठ्या पोपटाची सोबत होईल, अशी पुष्कळांची कल्पना असते. ती चुकीची आहे. त्याला सोबत आपल्या जातीचीच लागते. निदान दोन तरी ठेवावे. नर कीं मादी हें प्रौढ पक्ष्यांत चोंचीच्या वरच्या मांसल भागावरून ओळखावें. बहुतेक रंगांत तो नराचा निळा व मादीचा तपकिरी असतो. पिल्लें नको असतील तर दोन नर ठेवावे. ते गोडीनें राहतात.

खाण्याच्या बाबतींत आपल्या सोलापूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यास कोणापुढें हात पसरण्याचें कारण नाहीं. बजरीगर मूळचा गवताच्या बियांवर जगणारा. त्याला राळा उत्तम. भगरीची न सडलेली वरी व बारीक बाजरी चांगली. राळ्याचें पीक आपल्याकडे मागें पडलें आहे, तरी बांधाच्या कडेला एक-दोन ओळी पेरल्या तर वर्षाची बेगमी होते; आणि कणसासकट टांगून ठेवलेला राळा पांखरें ज्या आनंदानें सोलून खातात तो पाहण्यासारखा असतो. ज्वारीचा सुका दाणा त्यास जरा जाड पडतो. पण हुरड्याच्या दिवसांत कोंवळें कणीस दिलें तर दिवसभर त्यांस दुसरें कांहीं लागत नाहीं. एका पक्ष्यास दिवसाकांठीं एक ते दोन चहाचे चमचे दाणा पुरतो.

येथें एक फसवणूक होते, ती लक्षांत ठेवावी. पोपट दाणा सोलून खातो व फोल तेथेंच टाकतो. सायंकाळीं पाहावें तर वाटी भरलेली दिसते. दाणा आहे असें समजून घरचें माणूस निघून जातें, आणि भरल्या वाटीपुढें पांखरें उपाशी मरतात. रोज सकाळीं वाटींतील दाणा सुपांत घेऊन पाखडावा. फोल उडून जाईल व खरें काय उरलें तें कळेल. ज्यानें खळ्यावर उपणणी केली आहे त्यास हें शिकवावयास नको, तरी हीच चूक आमच्या घरीं एकदां झालेली आहे.

मोठ्या पोपटाचा आहार बजरीगरास देऊं नये. सूर्यफूल, करडई, शेंगदाणा यांत तेल फार. बजरीगर त्यानें लठ्ठ होतो व त्याच्या अंगावर चरबीच्या गांठी येतात. मोठ्या पोपटालाही केवळ सूर्यफुलावर ठेवणें वाईट. त्यास फळें, भिजवलेलीं कडधान्यें व भाज्या हव्यात. केवळ कोरड्या दाण्यावर ठेवलेल्या बजरीगरास आयोडिनाच्या अभावीं गळ्याची गांठ वाढून श्वास कोंडण्याचा रोग होतो. म्हणून रोज थोडी मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, गाजराचा कीस द्यावा व समुद्रफेस पिंजऱ्यांत कायम अडकवून ठेवावा. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा व खारट फरसाण सर्वच पोपटांस वर्ज्य.

शेतकऱ्याच्या घरीं एक धोका शहरांतल्यापेक्षां अधिक असतो. पेरणीनंतर उरलेलें बियाणें फेंकण्याचें जिवावर येतें व तें पांखरांस घातलें जातें. पिशवींतल्या बियाण्याला बुरशीनाशक व कीटकनाशक औषध चोळलेलें असतें, तो लाल-गुलाबी रंग याच सूचनेसाठीं असतो. धुवूनही असलें बी घालूं नये. फवारणी झालेल्या वाफ्यांतील पालाही देऊं नये. धान्यांत विषारी वायूच्या गोळ्या ठेवल्या असतील त्या खोलींत पिंजरा नसावा, आणि फवारणीचीं औषधें व पंप पिंजऱ्यापासून दूर असावे. पक्ष्याचें फुप्फुस फार नाजूक. चुलीचा धूर, उदबत्तीचा कोंडलेला धूर, डासांची औषधें यांनीं त्यास अपाय होतो. आणि न चिकटणाऱ्या लेपाचा तवा रिकामा ठेवून अतिशय तापला, तर त्यांतून निघणाऱ्या वायूनें शेजारच्या खोलींतील पोपटही कांहीं मिनिटांत मरतात. स्वयंपाकघरांत पिंजरा ठेवण्याची चाल सोडली पाहिजे.

रोगांविषयीं. नवा पक्षी, मग तो लहान असो वा मोठा, घरांतील पक्ष्यांजवळ लगेच नेऊं नये. तीस ते पंचेचाळीस दिवस निराळ्या खोलींत ठेवावा, त्याचीं भांडीं निराळीं असावीं, आणि रोजचें काम आधीं जुन्या पक्ष्यांचें व शेवटीं नव्याचें करावें. हा नियम मोडल्याचें फळ आम्हीं भोगलें आहे. एका बाजारांतून आणलेले दोन सुंदर पिवळे बजरीगर त्याच दिवशीं जुन्यांत सोडले. आठव्या दिवशीं एक पिसें फुगवून बसला, हिरवी पातळ विष्ठा टाकूं लागला. पंधरवड्यांत नवे दोन व जुने तीन असे पांच गेले. विक्रेत्यास बोल लावून काय उपयोग? पिंजऱ्याचें दार आम्हींच उघडलें होतें.

पोपटांचा एक ज्वर माणसांसही होतो. सन १९२९-३० मध्यें दक्षिण अमेरिकेंतून गेलेल्या पोपटांबरोबर तो युरोप व अमेरिकेंतील अनेक देशांत पसरला व त्यांत माणसें दगावलीं. वाळलेल्या विष्ठेची व पिसांची धूळ श्वासाबरोबर आंत जाऊन तो होतो. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला हीं त्याचीं लक्षणें. यास्तव पिंजरा झाडतांना प्रथम पाणी शिंपडावें, तोंडाला फडकें बांधावें, आणि ताप आल्यास घरांत पोपट आहेत हें डॉक्टरांस आपण होऊन सांगावें. न सांगितल्यास साधा ज्वर समजून भलतेंच औषध चालूं राहतें. वेळीं ओळखल्यास हा रोग औषधानें बरा होतो.

कोंबड्या पाळणाऱ्यांनीं पुढील गोष्ट विशेष वाचावी. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा रोग पोपट स्वतः धडधाकट दिसत असतांही बाळगूं शकतो. सन १९७१ मध्यें परदेशांतून आणलेल्या पोपटांबरोबर तो कॅलिफोर्नियांत शिरला, आणि तो आटोक्यांत आणण्यासाठीं जवळ जवळ १ कोट २० लक्ष पक्षी नष्ट करावे लागले. आपल्या परसांतील वीस कोंबड्या असोत कीं शेडांतील पांच हजार, पोपटांचा पिंजरा त्यांच्यापासून दूर ठेवावा, आणि पोपटांची घाण साफ करून त्याच हातांनीं व त्याच वहाणांनीं खुराड्यांत जाऊं नये.

उन्हाळ्याविषयीं थोडें. बजरीगर रुक्ष देशांतला असल्यामुळें ऊन सोसतो, असा समज आहे. रानांत तो दुपारीं झाडांच्या सावलींत स्वस्थ बसतो; पत्र्याखालीं टांगलेल्या पिंजऱ्यांत त्याला कोठें जातां येत नाहीं. आपल्याकडे वैशाखांत पारा ४२-४३ अंशांवर जातो. पांखरूं चोंच उघडून धापा टाकूं लागलें व पंख अंगापासून दूर धरूं लागलें कीं तें संकटांत आहे असें समजावें. पिंजरा जाड भिंतीच्या खोलींत न्यावा, भोंवतीं ओलें गोणपाट लावावें, पण वारा खेळता ठेवावा, आणि पसरट थाळींत आंघोळीस पाणी द्यावें. पिण्याचें पाणी दिवसांतून दोनदां बदलावें. या दिवसांत विणीचीं मडकीं काढून घ्यावीं. पावसाळ्याअखेर पुन्हां लावावीं. मादी एकाआड एक दिवस अशीं चार ते सहा अंडीं घालते, सुमारें अठरा दिवसांनीं पिल्लें बाहेर येतात, व महिन्या-सवामहिन्यांत मडकें सोडतात. मडकीं जोडप्यांपेक्षां दोन अधिक व सर्व एकाच उंचीवर टांगावीं, म्हणजे जागेवरून भांडण होत नाहीं. वर्षांतून दोन विणींनंतर विसांवा द्यावा.

पक्षी आजारी पडल्यास गांवांतील पशुवैद्यकीय दवाखान्यांत न्यावा, व तेथें सोय नसल्यास वाट विचारून पुढें जावें. उदगीर व शिरवळ येथें पशुवैद्यकीय महाविद्यालयें आहेत. पोपट आपलें दुखणें शेवटपर्यंत लपवितो. तो पिंजऱ्याच्या तळाशीं येऊन बसला म्हणजे उशीर झालेलाच असतो. म्हणून घरांत धान्य मोजावयाचा लहान कांटा असेल तर आठवड्यांतून एकदां प्रत्येक बजरीगराचें वजन करून भिंतीवर टिपून ठेवावें. तीन-चार ग्रॅमची घट दिसली कीं, डोळ्यांस पांखरूं चांगलें दिसत असलें तरी, त्यास त्याच दिवशीं निराळ्या पिंजऱ्यांत उबेला ठेवून दवाखान्याची तयारी करावी.